टपालाचे दहा पाठ

एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीत सुगंधाने अंगणवाडीत मुलांना वाटायची सुकडी मोजता मोजता हातातलं माप खाली ठेवलं आणि घरी येऊन झोपली. ती तीन महिने उठली नाही असं आमच्या असोदा गावात अजून सांगतात. ते खरं नाही. ती पहाटे उठायची, भाकरी टाकायची, भांडी घासायची. फक्त उंबऱ्याबाहेर जात नव्हती आणि विचारल्याशिवाय बोलत नव्हती. विचारलं तरी फार बोलत होती असं नाही.

तिचं घर माझ्या घराला लागून आहे. ती अंगणवाडीची सेविका, माहेर जामनेरचं, दहावी पास. नवरा वना, केळीची शेती करणारा. सासू झुंबरबाई. मी शाळामास्तर म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. सुगंधा आजारी पडल्यावर पस्तीस मुलं आणि मदतनीस भिकुबाई एवढेच अंगणवाडीत उरले, म्हणून मी सकाळी जाऊन गाणी आणि आकडे शिकवू लागलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. कोणी हाकलूनही दिलं नाही.

सुगंधाला काय होत होतं ते तिने वनाला सांगितलं होतं. छातीत धडधड होते, हात बधिर होतात, आणि आता मरणार असं वाटतं. दोनदा मुलांसमोर झालं, एकदा रेशनच्या रांगेत. वनाने तिला जळगावला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कार्डिओग्रामची पट्टी काढली. पट्टी चांगली आली. घरात कोणाला आनंद झाला नाही, कारण पट्टी खराब असती तर निदान गोळी मिळाली असती. झुंबरबाईंनी दोन वेळा मीठ-मोहरी ओवाळून पाहिली. त्याचाही अहवाल चांगलाच आला. शेवटी जळगावच्या डॉक्टरांनी धुळ्याचा पत्ता लिहून दिला. मनाच्या डॉक्टर आहेत, वाणीबाई, पाचव्या गल्लीत.

वनाने जीप केली आणि मलाही बरोबर घेतलं, कारण डॉक्टर काही लिहून देतील तर ते वाचायला कोणी हवं. सुगंधा वाटभर डोक्यावरून पदर घेऊन डोळे मिटून बसली.

वाणीबाई पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी तासभर सुगंधाशी एकटीशी बोलून मग आम्हाला आत घेतलं.

"हा आजार आहे," त्या म्हणाल्या. "वेड नाही, नाटक नाही. भीती आणि उदासी दोन्ही आहेत. बरं होतं. पण दर आठवड्याला इथं यावं लागेल."

वना म्हणाला, "बाई, दर आठवड्याला जीप करायची तर आधी माझ्यावर उपचार करावे लागतील."

"म्हणूनच मी टपालाचे पाठ सुरू केलेत."

त्यांनी कपाटातून जांभळ्या शाईत सायक्लोस्टाइल केलेले कागद काढले. पाठ दहा. प्रत्येक पाठात थोडं वाचायचं, रोज एक गोष्ट करायची, आणि संध्याकाळी कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: आज काय केलं, तेव्हा मनात काय आलं, आणि भीती किती होती. भीती शून्य ते दहामध्ये मोजायची. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे आता मेलो. आठवडा झाला की तो पेपर धुळ्याला पाठवायचा. पेपर मिळाला की बाई त्यावर उत्तर लिहून पुढचा पाठ पाठवणार. पेपर नाही तर पाठ नाही.

"आतापर्यंत चाळीस जणांनी सुरू केलं," बाई म्हणाल्या. "दहाव्या पाठापर्यंत अकरा जण पोचले."

"बाकीचे नापास झाले?" मी विचारलं.

"बाकीच्यांनी लिहिणं सोडलं. कोणाला दुसऱ्या पाठात जरा बरं वाटलं म्हणून, कोणाला चौथ्यातही बरं वाटलं नाही म्हणून. त्यासाठी एक सोबती लागतो. सोबत्याने उपदेश करायचा नाही. रोज विचारायचं, आजचं केलं का, लिहिलं का. आणि पेपर वेळेवर पेटीत टाकायचा. बास."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मान डोलावली. अडतीस वर्षं मी चार-चार वर्ग एका खोलीत सांभाळले होते. हे काम मला फारच सोपं वाटलं.

सुगंधाची रजा तीस जूनपर्यंत होती. एक जुलैला हजर झाली नाही तर तिच्या जागी दुसरी बाई नेमू, असं पत्र अंगणवाडीच्या कचेरीतून आलं होतं. एप्रिलचा दुसरा आठवडा चालू होता. मी बोटांवर आठवडे मोजले. दहा पाठ बरोबर बसत होते.

पहिला पेपर ठीक गेला. सुगंधाने वहीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं, खाडाखोड बरीच. मी म्हटलं, असला कागद धुळ्याला पाठवायचा नाही, आण, मी शाईने पक्का करून देतो. तिने दिला. मी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि एक-दोन वाक्यं पुरी केली. टपालवाला जब्बार तो घेऊन गेला. दुसराही तसाच गेला.

तिसऱ्या पाठात पायऱ्या करायच्या होत्या. सगळ्यात सोपी पायरी, दारात पाच मिनिटं उभं राहणं. सगळ्यात वरची, अंगणवाडीत पूर्ण वेळ बसणं. मधल्या आठ सुगंधाने स्वतः ठरवल्या: पाण्याच्या हौदापर्यंत, चौकापर्यंत, दुकानापर्यंत, अशा. त्या आठवड्याच्या पेपरात सात दिवसांची भीती तिने अशी लिहिली होती: नऊ, नऊ, नऊ, नऊ, दहा, नऊ, नऊ.

मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो. असा पेपर पाहून बाई काय म्हणतील? ही पोरगी चालत नाही म्हणतील. माझ्या वर्गात अशी मुलं असत. आकडेमोड येत नाही म्हणून खाली ठेवली की ती शाळाच सोडत. मी त्यांना जरा हात देऊन वर ढकलायचो. वरच्या वर्गातल्या मुलांकडे बघून ती शिकायची. निदान काही शिकायची. ज्यांनी नंतर शाळा सोडली त्यांची मी मोजदाद ठेवली नव्हती.

मी लिहिलं: नऊ, आठ, आठ, सात, सात, सहा, सहा. उतार छान दिसत होता. पक्का कागद पेटीत गेला, तिचा कच्चा कागद मी सवयीप्रमाणे फाइलीत लावला.

चौथ्या पेपरात ती दारापर्यंत जाऊन परत आली होती. मी तिला हौदापर्यंत नेलं. पाचव्यात ती हौदाच्या दिशेने सात पावलं गेली होती. मी तिला चौकात उभी केली आणि तिथे शेजारच्या ताईबाईशी दोन शब्द बोलायला लावले. ताईबाई कोणाशीही दोन शब्दांत थांबत नाही, पण ते धुळ्याला माहीत नव्हतं.

रोज संध्याकाळी मी विचारत होतो, केलं का, लिहिलं का. ती मान हलवायची. माझं काम मी चोख करत होतो असं मला वाटत होतं.

मेच्या अखेरीस पाचव्या पेपराचं उत्तर आलं. जब्बारने पाकीट दारात दिलं आणि त्या वेळी मी तिथेच ओट्यावर बसलो होतो. सुगंधाने उघडून वाचलं. परत वाचलं.

"गुरुजी, बाईंनी लिहिलंय, तुम्ही चौकापर्यंत जाऊन आलात आणि शेजारणीशी बोललात हे वाचून फार बरं वाटलं."

"छान आहे की," मी म्हणालो.

"पण मी गेलेच नाही. मी तसं लिहिलंही होतं."

मी पाकिटावरचं तिकीट बघत बसलो.

"मागच्या वेळी पण असंच. मी दारातून परत आले, तर बाई म्हणतात हौदापर्यंत गेलात, शाबास." तिने कागदाची नीट घडी केली. "बाई वाचत नाहीत. सगळ्यांना एकच उत्तर पाठवत असतील."

"असं नसतं ग."

"नसू दे. न वाचणाऱ्या माणसाला कशाला लिहायचं?"

त्या दिवसापासून तिने लिहिणं बंद केलं. मी विचारायचो, केलं का. ती म्हणायची, नाही. मी विचारायचो, लिहिलं का. ती म्हणायची, नाही. तिला खरं कारण सांगणारा माणूस गावात एकच होता आणि तो रोज ओट्यावर बसून तिला हे दोन प्रश्न विचारत होता. असे तीन आठवडे गेले. मी सकाळी अंगणवाडीत मुलांना खोटं बोलू नये यावर गोष्ट सांगत होतो. गोष्ट मुलांना आवडत होती.

मधल्या काळात वनाने बाईंना पत्र टाकलं होतं. घरवालीची तब्येत अजून नाजूक आहे, रजा वाढवण्यासाठी दाखला द्यावा. वीस जूनला उत्तर आलं. वना ते उघडं घेऊनच माझ्याकडे आला. त्याच्या तोंडावर हसू होतं.

"गुरुजी, बघा. बरी झाली म्हणतात."

बाईंनी लिहिलं होतं की, पेपरांवरून सुगंधाबाईंची प्रगती उत्तम दिसते, रजा वाढवण्याचं कारण दिसत नाही, एक जुलैला कामावर जावं, आता तोच उपचार. खाली सही-शिक्का.

"आपल्याला दिसत नाही, पण डॉक्टरला दिसतं," वना म्हणाला. "कागदावर बरी आहे म्हणजे आतून बरी असेल. मी कचेरीत देऊन येतो."

"थांब," मी म्हणालो. "तो कागद दे. आणि घरी चल."

सुगंधा मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. झुंबरबाई बाजेवर बसल्या होत्या. मी फाइल बरोबर नेली होती. उभ्यानेच सांगितलं, कारण बसलो असतो तर मी आधी प्रस्तावना केली असती. सांगून झाल्यावर वना सुपातल्या तांदळाकडे बघत राहिला.

सुगंधाने हात पुसले आणि फाइल घेतली. आपलेच कागद ती एकेक करून वाचत गेली.

"मी नऊ लिहिलं होतं."

"हो."

"तुम्ही सहा केलं."

"हो."

"मला सहा कधी वाटलंच नाही गुरुजी. फेब्रुवारीपासून एकदाही नाही."

"माझं चुकलं."

ती शेवटच्या कागदापर्यंत पोचली. मग तिने जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"म्हणजे बाई वाचतात?"

"वाचतात. अक्षर अन् अक्षर वाचतात."

"मग हे त्यांना नेऊन द्या," ती म्हणाली आणि तांदूळ पुढे ओढले.

झुंबरबाईंचं माहेर अमळनेरकडचं. असोद्यात पन्नास वर्षं काढूनही त्यांनी आपली अहिराणी सोडलेली नव्हती; 'आहे'ला त्या 'शे'च म्हणत. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिनी लिखेल शे ना, मंग तसंच जाऊ द्या. तुम्हनं अक्षर चांगलं शे हाई आम्हले माहीत शे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी धुळ्याला गेलो. वाणीबाईंनी कच्चे आणि पक्के कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पुष्कळ वेळ वाचलं.

"गुरुजी, घरात कोणाला एकशे तीन ताप असला तर तुम्ही डॉक्टरला अठ्ठ्याण्णव सांगता का?"

"नाही."

"का नाही?"

"डॉक्टर औषध देणार नाहीत."

"तुम्हाला उत्तर येतंय," बाई म्हणाल्या. "मी तीन आठवडे तुमच्यावर उपचार केले. तुमची प्रगती खरंच छान आहे. त्या बाईंना मात्र मी दारातून थेट चौकात ढकलत होते." त्यांनी पक्के कागद माझ्याकडे सरकवले. "हे घेऊन जा. मला नकोत."

मी ते पिशवीत ठेवले.

"आता सोबती बदलायचा. नवरा कसा आहे?"

"चांगला आहे. पण दोन दिवस बरे गेले की म्हणेल, आता पुरे."

"आणखी कोण आहे?"

"सासू. पण त्यांना लिहिता-वाचता येत नाही."

"एक अक्षरही?"

"एकही नाही."

"छान," बाई म्हणाल्या आणि नोंद केली.

त्यांनी एकतीस ऑगस्टपर्यंतचा दाखला दिला. पाठ पुन्हा तिसऱ्यापासून, आता एकेक पाठ दोन आठवडे, पेपर मात्र दर आठवड्याला. त्या पुढे म्हणाल्या की, नऊच्या जागी नऊ लिहिणारा रोगी त्यांना सगळ्यात आवडतो, हे सुगंधाबाईंना सांगा. एवढं एक वाक्य पोचवायची मला परवानगी होती. मी ते जसंच्या तसं पोचवलं.

झुंबरबाईंची पद्धत माझ्यापेक्षा वेगळी होती. दिवेलागणीच्या आधी त्या सुनेसमोर पाट घेऊन बसायच्या आणि केलं का, एवढंच विचारायच्या.

"करं का?"

"नाही."

"बरं."

आणि तिथेच बसून राहायच्या. वाती वळायच्या. का नाही, असं विचारायच्या नाहीत. उद्या कर, असं म्हणायच्या नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा, "करं का?" चौथ्या-पाचव्या वेळेला सुगंधा उठून दारात जाऊन उभी राहायची, मला वाटतं निम्म्या वेळा त्या प्रश्नातून सुटण्यासाठी. परत आली की, "लिखं का?" लिहून झालं की झुंबरबाई कागद हातात घेऊन, उलटासुलटा बघून, मोजून ओळी भरल्या आहेत एवढी खात्री करून परत द्यायच्या.

जुलै असाच गेला. नऊ, नऊ, आठ, नऊ. हे आकडे मला सुगंधानेच ओट्यावरून सांगितले, मी विचारले नव्हते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "सासूबाई, एवढं करून नऊचं नऊच. मला नाही वाटत यात काही अर्थ आहे."

"व्हई," झुंबरबाई म्हणाल्या. "करं का?"

"मी काय म्हणते ते ऐकलं का?"

"ऐकं. अर्थ नही शे. करं का?"

सुगंधा त्या दिवशी हौदापर्यंत गेली. रागाने गेली आणि रागाने आली, आणि कागदावर पहिल्यांदा सात लिहिलं. बाईंचं उत्तर आलं त्यात सातबद्दल एक शब्दही नव्हता. लिहिलं होतं, सातही दिवस गेलात, एवढंच मी पाहते. सुगंधाने ते दोनदा वाचलं आणि ट्रंकेत ठेवलं.

ऑगस्टमध्ये चौक झाला, दुकान झालं. ताईबाईही झाली, आणि त्या दिवसाची भीती दहा होती. पण ती ताईबाईची होती, आजाराची नव्हती, असं सुगंधाने पेपरात स्पष्ट लिहिलं. मग अंगणवाडीच्या ओट्यावर दहा मिनिटं, मग आत दहा मिनिटं. मी मुलांना घेऊन बसलेला असायचो. दहा मिनिटं झाली की ती उठायची. गाणं अर्ध्यावर असलं तरी उठायची. चाललंय तर थांब की थोडी, असं माझ्या तोंडावर यायचं. मी गाणं म्हणत राहायचो. ऑगस्ट संपताना ती पाऊण तासापर्यंत आली होती.

एक सप्टेंबरला पूर्ण वेळ बसायचं होतं, दहा ते एक. कचेरीतल्या प्रमिलाबाई हजेरीपट घेऊन आल्या, सुगंधाची सही घेतली आणि भिंतीला टेकून बसल्या. मला म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही बाहेर बसा. आज काम त्यांचं आहे." मी ओट्यावर दाराशी बसलो.

सव्वाअकराला सुगंधाचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. ती पोत्यावर बसली होती, ओठ पांढरे, हात मांडीवर घट्ट. भिकुबाईने माझ्याकडे पाहिलं. प्रमिलाबाईंनी हजेरीपट उघडला. मी उठलो नाही.

"नऊ," सुगंधा म्हणाली. मोठ्याने म्हणाली, कोणाला उद्देशून नाही.

"नऊ," पस्तीस मुलं म्हणाली. बाई काही म्हणाली की आपण म्हणायचं हे मीच त्यांना शिकवलं होतं.

तिने मुलांकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "नऊच."

"नऊच."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा जरा पुढे गेला.

"आठ."

"आठ," मुलं म्हणाली, आणि पुढच्या रांगेतला लोटनचा पुना न थांबता "सात" म्हणाला.

"थांब. सात झालं नाही अजून."

"आठानंतर उलटं सातच येतं," जब्बारची मुमताज म्हणाली. साडेचार वर्षांची, आकड्यांत पक्की.

"येतं. पण माझं आलेलं नाही," सुगंधा म्हणाली. "नऊ. परत नऊ झालं."

"चुकलं," मुमताज म्हणाली.

"चुकलं नाही. जे आहे ते सांगतेय."

मुमताजने यावर विचार केला. मग तिने सुगंधाच्या हातावर हात ठेवून, डॉक्टर नाडी बघतात तसं तोंड करून विचारलं, "आता?"

"आठ."

"आता?"

"आठच. जरा दम धर."

सगळी पोरं पोत्याभोवती सरकली. आता, आता असं विचारू लागली. सुगंधा प्रत्येकाला खरं उत्तर देत होती. सात यायला पाऊण तास लागला. पाचावर आम्ही पुष्कळ वेळ थांबलो, आणि चार त्या दिवशी आलंच नाही. साडेबाराला तिने माप हातात घेऊन सुकडी वाटायला सुरुवात केली. प्रमिलाबाई एकपर्यंत बसल्या. जाताना त्यांनी मला विचारलं की ही उलटी मोजणी कोणत्या पुस्तकातली, आमच्या बाकीच्या अंगणवाड्यांना चालेल.

संध्याकाळी माझ्या ओट्यावर मला शेजारच्या घरातून आवाज आला.

"करं का?"

"केलं. एक वाजेपर्यंत."

"लिखं का?"

"लिहिते."

तो पेपर शनिवारी जब्बार घेऊन गेला. आठवा, नववा आणि दहावा पाठ अजून यायचे होते.